भर उपासनेतली प्रार्थना

उंब्रजच्या सालोमीबाईनं तीस वर्षं सुईणपण केलं, पण कुणाच्या घरातली गोष्ट कधी दुसऱ्या घरी नेली नाही. सांगलीला दिलेल्या तिच्या लेकीला, मार्थाला, १९७४ साली नवऱ्यानं टाकलं. ते सालोमीबाईनं फक्त ख्रिस्ती देवळातल्या पाळकसाहेबांच्या कानावर घातलं. रविवारी त्यांनी भर उपासनेत मार्थाचं नाव घेऊन मोठ्यानं प्रार्थना केली. सगळ्या माना सालोमीबाईकडं वळल्या.

देवळाच्या दारात तिनं त्यांना अडवलं.

"बाई, देवाला सगळं ठाऊकच असतं," साहेब म्हणाले.

"देवाला ठाऊक हुतं, उंब्रजला न्हवतं! आवं, जगाचा शेवटचा दिवस कवा यायचा ते येशूलाबी म्हाईत न्हवतं, ह्ये तुमीच शिकवलंसा न्हवं? देवबापानं सख्ख्या लेकालाबी सांगितलं न्हाई. आन् तुमास्नी चार दिस दम निघाला न्हाई!"