चिचगडच्या वाटेवरचे गोटे

"एक गोटा ठेवून जा जी." चिचगडच्या वाटेवरच्या एका वळणावर बसून ती येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला एवढेच म्हणे, आणि समोरच्याने होकार देण्यापूर्वीच त्याच्या तळहातावर दगड ठेवून त्याची बोटे मिटवी. बैलबंडीवाला असो, जंगलखात्याचा नाकेदार असो, की माझ्यासारखा काळ्या कोटातला मुख्त्यार असो. तिला सारे सारखेच.

त्या वळणावर तिच्या नवऱ्याला त्यांच्याच गावकऱ्यांनी भर दुपारी कुऱ्हाडीने मारले होते. गावात देवीची साथ आली, मुले दगावली, पाटलाचा नातूही गेला. "यानंच करनी केली," असा निवाडा पाटलाने दिला आणि तो अमलातही आणविला. खटला उभा राहिला, परंतु साक्षीला एकही जण पुढे येईना. आरोपी सुटले. दिवसाढवळ्या खून होतो आणि सरकार पुरावा नाही म्हणून हात झटकते, हे मला आजही सहन होत नाही. मी वरिष्ठ अधिकाऱ्यांना पत्रांमागून पत्रे धाडली. ती बाई माझ्या ओसरीवर बसून पाहत असे.

"कायले लिवून राहिले जी, वकीलबाबू? तुमच्या कागदानं माया घरधनी मानूस होनार हाये का?"

हा प्रश्न मला पुढे उलगडला. आपणांपैकी जे त्या जंगलातून हिंडले असतील, त्यांनी वाटेकडेचे दगडांचे ढीग पाहिलेच असतील. जेथे वाघाने वा शस्त्राने माणूस मरतो, तेथे येणाराजाणारा एकेक दगड ठेवतो. मात्र करणी करणाऱ्यासाठी कोणी दगड ठेवीत नाही. त्यामुळे खुनानंतर ती जागा उघडीच राहिली होती. शिवाय करणी बापाकडून लेकीत उतरते, अशी त्या गावाची समजूत. आणि तिची लेक नुकतीच वयात आलेली. कुजबुज सुरू झाली होती. बाप माणूस ठरला नाही, तर पुढची कुऱ्हाड लेकीवर पडणार होती.

म्हणून ती वळणावर बसे. परके लोक दगड ठेवीत. गावकरी मात्र वाट सोडून नाल्यातून जात. ती त्यांना सुखाने जाऊ देत नसे.

"काऊन बा, काट्यातून काऊन जाऊन राहिला? मी का वाघीन हावो?"

एकदा मी तिच्यावर चिडलो. "बाई, हे दगड कोर्टात पुरावा म्हणून चालत नाहीत!"

"कोर्टात कोन राह्यते जी?" ती म्हणाली. "मी त गावात राह्यतो."

अखेर माझ्या एका पत्राला यश आले. नवा पोलीस अधिकारी जागा पाहावयास निघाला. वाट दाखविण्यास पाटील पुढे, मागे घोड्यावर साहेब, त्यामागे सामान डोक्यावर घेऊन बेगारीत धरलेले गावकरी. (बेगारीविरुद्धही मी लिहिले होते.) मी वळणावर तिच्याजवळ थांबलो होतो. या खेपेस साहेबादेखत नाल्यात उतरणे पाटलाला शक्य नव्हते. साहेबाला शिकारीच्या गोष्टी सांगत तो वळणावर आला, बोलता बोलता वाकला, दगड उचलला आणि ढिगावर ठेवला. जन्मभर प्रत्येक ढिगाशी त्याचा हात असाच खाली गेलेला. या दिवशीही तो मालकाला विचारून गेला नाही.

पाटील वाकलेलाच राहिला.

"क्या हुआ, पटेल?" साहेबाने विचारले.

मी गर्जना करणार, तोच तिने माझी बाही धरली. हात लुगड्याला पुसत ती पाटलासमोर उभी राहिली.

"ठेवला ना जी पाटील, गोटा? मंग मानूस होता म्हना."

पाटील हळूहळू सरळ झाला. "होता," तो म्हणाला. "मानूसच होता."

मागे एका गावकऱ्याने डोक्यावरची पेटी उतरविली आणि दगड शोधू लागला. मग दुसऱ्याने. साहेबाला काहीच कळेना.

कायद्याच्या दृष्टीने तो कबुलीजबाब नव्हे. तरीही मी तो कबुलीजबाब म्हणून वर लिहून पाठविला. उत्तर आले नाही. कोणालाही शिक्षा झाली नाही, आणि माझा राग शमलेला नाही. परंतु लेकीचे लग्न त्याच गावात लागले आणि तिला हळद लावावयास पाटलाच्या घरच्या बाया आल्या, हेही मी या डोळ्यांनी पाहिले. मांडवात तिची आई मला म्हणाली, "आता त कागद बंद करा, वकीलबाबू."

"मुळीच करणार नाही."

"मंग करा बापा. तुमाले दुसरं येते तरी काय?"

तिचे नाव येथे देत नाही. तिची नातवंडे त्या गावात निर्धास्त नांदत आहेत, तशीच नांदोत.

परवा त्या वाटेने गेलो. ती नाही. ढीग माझ्या छातीएवढा झाला आहे. एक अनोळखी बंडीवाला उतरला, त्याने दगड ठेवला आणि जू सारखे करू लागला. मी विचारले, "कोणासाठी ठेवलास?"

"मालूम नाही जी," तो म्हणाला. "मानूस मेला असन कोनी."