उघाडीतली पाचर

पनवेलच्या एसटी स्टँडवर दादूसने माझी पत्र्याची ट्रंक गाडीच्या टपावर चढवली, त्या सकाळपासून मी ही गोष्ट नेहमी सांगत आलो. खाडीकाठच्या आगऱ्याचा मुलगा, डोक्यात कादंबरीचं वेड, दिवाळी उरकून मुंबईला निघाला. सत्कारात सांगितली, नातवंडांना सांगितली. त्या सकाळच्या आधी गावात काय घडलं, ते मात्र दर वेळी गाळलं. कुणी विचारलं तर विषय बदलला. आता हात कापतो, अक्षर मलाच लागत नाही, आणि ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांतले बहुतेक गेले. तरी लिहितो आहे. गावात राहिलात त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे निघून गेलात त्यांच्यासाठीही.

गाडी ठाण्यावरून फिरून जाणारी होती. बाबा स्टँडवर आले नव्हते. आई पदराच्या टोकाशी चाळा करत उभी होती. दादूस, म्हणजे माझा थोरला भाऊ धर्मा, टपावरून खाली उतरला, हात झटकले आणि खिडकीतून सुक्या जवळ्याचं पुडकं माझ्या मांडीवर ठेवलं.

"लिव आता बसून," तो म्हणाला. "पन पोटाला खा. उपाशी मानसाला काय सुचत नाय."

मी मान हलवली. त्याच्या तळव्यांना बांधाच्या चिखलाने भेगा पडल्या होत्या. त्या भेगा माझ्यामुळे होत्या, हे त्या स्टँडवर आम्हां दोघांनाच ठाऊक होतं. गाडी सुटली तेव्हा मला रडू आलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. आज सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते.

आमचं गाव पनवेलच्या खाडीला लागून. शेती सगळी खारातली. समुद्राच्या पाण्याला अडवणारा मातीचा लांब बांध, त्याच्या आत भात. पावसाचं जादा पाणी खाडीत जावं म्हणून बांधात एक लाकडी दार असतं, त्याला आमच्याकडे उघाडी म्हणतात. तिची झडप वरच्या बाजूला टांगलेली. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं, भरतीला खाडीच तिला दाबून बंद करते. माणसाने करायचं एवढंच, की भरती चढायच्या आत जाऊन बघायचं, झडपेखाली काटकी, गवत, काही अडकलं तर नाही ना. गावातली घरं हे काम पाळीपाळीने करत. उधाणाच्या दिवशी पाळी चुकवणं म्हणजे साऱ्या गावाच्या ताटात माती कालवणं.

आश्विनात आमचा खार बघण्यासारखा असायचा. पाऊस गेलेला, ऊन अंगाला चावणारं, भात पिवळं पडून लवलेलं. बायका खळी सारवायच्या. अंगणात भोपळे वाळत पडायचे. बाहेरून पाखरं यायची आणि चिखलात एका पायावर उभी राहायची. कापणीला अजून चार दिवस असायचे, त्या मोकळ्या दिवसांत जो तो आपला छंद काढून बसायचा. बाबा पायलीभर सुपाऱ्या घेऊन कातरत. मी बांबूच्या कामट्या तासून कंदील करायचो. दादूसचा छंद एकच, मासे. गळ, पाग, आणि उघाडीच्या तोंडाशी लावायची पिशवीसारखी बोकशी. ती त्याने स्वतः विणली होती, आणि तिला कुणी हात लावलेला त्याला खपायचा नाही. लोक थट्टा करायचे, "धर्माला बायको नको, बोकशी पुरं."

त्या वर्षी माझा छंद बदलला. मॅट्रिक झालो होतो, मुंबईत एका छापखान्यात प्रूफं वाचायची नोकरी ठरली होती, आणि तिकडे जाण्याआधी मला कादंबरी सुरू करायची होती. आमच्या खाराची कादंबरी. तयारी जोरात होती. म्हाताऱ्यांच्या पायाशी बसून जुन्या उधाणांच्या गोष्टी ऐकायचो. पनवेलच्या वाचनालयातून पुस्तकं आणून लोक सुरुवात कशी करतात ते बघायचो. बोरू, दौत, पाठकोरे कागद, सगळं गोळा केलं. फक्त पहिलं वाक्य येत नव्हतं.

दादूसने माझ्यासाठी मोडक्या होडीच्या फळीतून मांडीवर ठेवायचा पाट केला. लालसर सागाची फळी, तिच्यावर डांबराचे काळे पट्टे. कापून उरलेला तुकडा माझ्याकडे टाकत तो म्हणाला, "मावंल ना रं तुजी कादंबरी यवड्यात? नायतर दुसरी होडी मोडू."

कोजागिरीच्या दिवशी उघाडीची पाळी आमच्या घराची होती, म्हणजे दादूसची. पण कापणी तोंडावर आलेली, विळ्यांना धार नव्हती, आणि पनवेलचा लोहार त्याच दिवशी मोकळा होता. पहाटेच तो विळ्यांचं गोणपाट खांद्यावर टाकून निघाला. जाताना मला म्हणाला, "काश्या, उधानाचा दिस हाय. उन वर चढायच्या आत झडप बग. आन् बोकशीला हात लावू नको."

मी बोकशीला हात लावला. खोटं कशाला बोलू, मला मासे नको होते. मला ते दृश्य हवं होतं. कादंबरीत नायक उघाडीवर मासे धरतो असं ठरवलं होतं, आणि मी आयुष्यात कधी धरले नव्हते. बोकशी लावली. ओहोटी संपत आली होती, पाणी मंदावलं होतं, झडप पुन्हापुन्हा मिटायला बघत होती. म्हणून मी तिच्याखाली पाचर मारली. पाचर म्हणजे दादूसने टाकलेला तोच लाल तुकडा. कागदावर वजन म्हणून तो माझ्या पिशवीत असायचा. दगडाने ठोकून घट्ट बसवला, आणि बांधावरच्या भेंडीच्या जुन्या झाडाच्या सावलीत पाट मांडीवर घेऊन बसलो.

आणि पहिलं वाक्य आलं.

इतके महिने न आलेलं वाक्य आलं, त्याच्या मागे दुसरं आलं, मग पान भरलं. असा आनंद मला नंतर कधी झाला नाही. मान वर केली तेव्हा उघाडीतलं पाणी उलट्या बाजूने वाहत होतं. खाडी आत शिरत होती. खाली उतरलो तर पाणी कमरेवर आलं होतं. मी बुडी मारली, पाचर धरून ओढली, नखं निघाली, पण साऱ्या खाडीचा दाब तिच्यावर होता. मग उघाडीच्या कडेची माती सुटली, बांधाला खांड पडली. हातभर होती, बघता बघता बैलगाडी जाईल एवढी झाली. मी ओरडत गावाकडे धावलो. लोक फावडी घेऊन येईपर्यंत पिकलेलं भात कणसांपर्यंत खाऱ्या पाण्यात उभं होतं. एक आमचं नव्हे. सगळ्यांचं.

दादूस दुपारी परतला. खांद्यावर धार लावलेले विळे होते आणि कापायला काही उरलं नव्हतं. त्याने गोणपाट खाली ठेवलं. ओहोटी लागल्यावर तो चिखलात उतरला आणि दोन वस्तू घेऊन वर आला. एक फाटलेली बोकशी. दुसरी पाचर. तिच्यावरचा डांबराचा पट्टा त्याने अंगठ्याने पुसला. मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. पाचर त्याने कमरेला खोचली.

संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर गाव जमलं. बोकशी मधे टाकलेली होती, आणि ती कुणाची हे विचारायची कुणाला गरज नव्हती.

"मासली पायजे व्हती तर सांगाचा व्हता," एक म्हातारा बोलला. "गावानं दिली असती तुना. आता आमी काय खावाचा?"

"बोल धर्मा. झडप कोनी उचलून ठेवली?" दुसऱ्याने विचारलं.

मी दादूसच्या मागे, दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो. तोंड उघडलं होतं. त्याला माझा श्वास ऐकू येत असावा, कारण तो बोलण्याआधी थोडा थांबला. मला जागा करून दिल्यासारखा थांबला. मी बोललो नाही.

"पाळी माजी व्हती," दादूस म्हणाला.

तो खोटं बोलला नाही. पाळी त्याचीच होती. गावाला तेवढं पुरलं. आमच्या घराला लग्नकार्यात बोलवायचं नाही, उघाडीची पाळी पुन्हा द्यायची नाही, आणि खांड धर्माने एकट्याने बुजवायची, असं ठरलं. दिवाळीत गावात कंदील लागले नाहीत, आणि दादूस रोज ओहोटी साधून मातीच्या ढेपा वाहत राहिला. बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. ते मरेपर्यंत टाकलेलंच राहिलं. मी मदतीला गेलो तर दादूस मला बांधावरून हाकलायचा. "तू जा, तुजी नोकरी हाय. हात खराब करू नको." मी जायचो.

मुंबईत मला गिरगावात खोली मिळाली, छापखान्यात टेबल मिळालं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचो, प्रूफाच्या कडेला शाईने खुणा करायचो. रविवारी पाट मांडीवर घेऊन कादंबरी. ऑक्टोबरात खोलीत उकडायला लागलं की नाकात उगाच भाताचा वास यायचा आणि लेखणी थांबायची. गावाकडून येणारा माणूस सांगायचा, खारात अजून भात धरत नाही, मीठ मुरलंय, लोक मिठागरावर मजुरीला जातात. मी त्याला चहा पाजायचो.

पंधरा वर्षांनी कादंबरी पुरी झाली. तिच्यात उधाण आहे, उघाडी आहे, खांड आहे. आणि मासे धरण्याच्या नादात गाव बुडवणारा थोरला भाऊ आहे. खरं मला सुचलं नव्हतं असं नाही. धाकट्या भावाने पाचर मारली, असं प्रकरण मी लिहिलं होतं. वाचून पाहिलं आणि स्टोव्हवर जाळलं. छापलं ते दुसरं. हा माझा खरा गुन्हा. पाचर मारली तेव्हा मी पोरगा होतो. कादंबरी लिहिताना नव्हतो.

पनवेलच्या वाचनालयात माझा सत्कार झाला. एक मास्तर म्हणाले, अनुभव अस्सल आहे, घडलेलं जसंच्या तसं उतरलं आहे. शेवटच्या रांगेत दादूस धुतलेली टोपी घालून बसला होता. गावातला एकजण त्याला कोपर मारून हसला, "धर्मा, तुज्यावर पुस्तक निंगाला रं! आता तरी मासली सोड." मासे तर त्याने त्या कोजागिरीपासूनच सोडले होते. खाणंसुद्धा.

दादूसचं लग्न उशिरा झालं होतं, त्याची मुलगी सुमन तेव्हा शाळेत जात होती. तिने त्याला सगळं पुस्तक वाचून दाखवलं होतं. सत्कारानंतर तो माझ्याजवळ आला, हार बाजूला सारून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"उधान बरोबर लिवलंस," म्हणाला. "पानी असाच येतं."

बाकीच्याबद्दल काही नाही. त्याने मला शिवी दिली असती तर मी त्याच्या पाया पडलो असतो, असं मी पुढे वर्षानुवर्षं स्वतःला सांगत राहिलो. म्हणजे माफी न मागितल्याचाही दोष मी त्याच्यावरच टाकला.

त्यानंतर दर आश्विनात मी गावी गेलो. दर वेळी माफी तोंडात घेऊन गेलो आणि तशीच परत आणली. एकदा तो भुईमुगाच्या शेंगा सोलत होता, मी समोर बसून सोलू लागलो, टोपली भरली, मी उठलो. एकदा म्हणालो, "दादूस, त्या दिवशी…" तर तो म्हणाला, "आधी पानी पी. उनातून आलायस." मी पाणी पिऊन घेतलं. तोवर शेजारी आले.

त्याच्या घराचं पुढचं दार वाऱ्याने आपटायचं, म्हणून त्याखाली एक लाकडाचा तुकडा सरकवलेला असे. किती वर्षं मी तो ओलांडून आत गेलो कोण जाणे. लालसर साग, डांबराचा काळा पट्टा. ओळखलं त्या दिवशी मी उंबऱ्यातच थिजलो. दादूस आतून म्हणाला, "ये ना. दार उघडंच हाय."

आता ते दार नाही. खाराची जमीन नव्या शहरात गेली, उघाडी होती तिथून रस्ता जातो, भेंडीच्या जागी इमारतींची रांग आहे. दादूस गेला तेव्हा मी मुंबईत तापाने पडून होतो. पोचलो तो दहाव्याला. गावातली दोन-तीन म्हातारी माणसं बसली होती. त्यांतला एक सहज म्हणाला, "मानूस चांगला व्हता धर्मा. तेवडी एक चूक केलीन." साऱ्यांनी माना डोलावल्या. माझीही मान डोलली. सवयीने.

लोक मला विचारतात, काका, इतकी वर्षं मुंबईत काढलीत, घर म्हटलं की काय आठवतं? खाडी, भात, आई, असं काहीतरी मी सांगतो. खरं म्हणजे मला ते उघडं धरलेलं दार आठवतं. ज्या तुकड्याने मी गाव बुडवलं, त्यानेच त्याने माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं, असं म्हणायला फार बरं वाटतं. पण कदाचित ते दार नुसतं आपटत असेल. मी विचारलं नाही, आणि आता कुणाला विचारू?

सुमन, हे तू वाचशील. तुझ्या बापाला पुस्तक वाचून दाखवलंस तसं हेही कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखव. देवळाच्या ओट्यावर दाखव, तो उरला असेल तर. मला जे तिथे, त्याच्या पाठीमागे बसून, एकदाच बोलायचं होतं, ते एवढंच होतं:

दादूस, पाळी तुजी व्हती. पाचर माजी व्हती. मना माफ कर.