गाडीसोबत आलेला दलाल

आमच्या झरीच्या घरात मोटार आणायची, असं दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका दुपारी जेवता जेवता सांगून टाकलं. नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. आज बंद, उद्या रास्ता रोको. मी परभणीला कॉलेजात जायची आणि एसटी नसली की मैत्रिणीच्या घरी अडकून पडायची. नवी गाडी बुक केली तर वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. दादा निजामाच्या काळात हैदराबादला शिकलेले. तिथल्या एका जुन्या दोस्तानं कळवलं, की इथं जुन्या गाड्यांचा एक दलाल आहे, माणूस सरळ आहे, येऊन बघा.

दादांनी मलाही सोबत नेलं. दलाल म्हणजे बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव करणारा कुणीतरी असेल, अशी माझी कल्पना. समोर आले ते पन्नाशीचे, हळू बोलणारे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले गृहस्थ. अंगणात मोतिया रंगाची अँबेसेडर उभी होती. त्यांनी बॉनेट उघडून दाखवलं, आधीच्या मालकाचे कागद दाखवले, परराज्यात न्यायला लागणारा दाखलाही दाखवला. दादा खूश झाले. मग दलालांनी विचारलं,

"चलाते कौन?"

दादा माझ्याकडं बघायला लागले, मी दादांकडं. हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडलाच नव्हता.

"उधर कोई ड्रायवर मिल जाता," दादा म्हणाले.

दलालांनी बॉनेट बंद केलं. मग म्हणाले, "मैंच आतूं. कित्ते गाड्यां भेजा तुमारे मराठवाडे कू. जाके क्या होता उनका, कभी देखाच नै."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी सकाळी एक लहानशी पेटी घेऊन ते आले आणि स्टिअरिंगवर बसले. निजामाबाद, नांदेड करत आम्ही निघालो. सगळ्या वाटेनं त्यांचं विचारणं चालू होतं. हे काय पेरलंय? ही माती अशी काळी कशी? एवढ्या काट्यांच्या या पिवळ्या पिकाचं काय करतात? ते करडईचं तेल लहानपणापासून खात आले होते, झाड मात्र पहिल्यांदाच बघत होते. गाडी थांबवून खाली उतरले, बोंडाला हात लावला आणि बोट चोखत परत आले. हसून हसून मला ठसका लागला.

घरी पोचलो तर अर्धी गल्ली दारात. मायनं गाडीला हळद-कुंकू लावलं आणि दादांना हळूच विचारलं, "आन् ह्ये कोण?"

"ज्यांच्याकडून गाडी घेतली ते."

"आगं बया, गाडीसंगं मानूस बी देतेत का?"

दुसऱ्या दिवशी दलालांनी पेडगावचं नाव काढलं. तिथल्या एका शेतकऱ्यानं बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्याकडून डिझेलची अँबेसेडर नेली होती. ती बघायची होती. आम्ही विचारत विचारत त्या घरी गेलो. मालकानं ओळखलं, आनंदानं ओसरीवर बसवलं. बसलो ते एका हिरव्या, लांबलचक गादीवर. दलालांनी खालून हात फिरवला आणि माझ्याकडं बघितलं. ते त्या गाडीचं मागचं सीट होतं.

"बाकी गाडी कुठंय?" मी विचारलं.

मालक लाजले. "बॉडी सडली हो. इंजिन तेवढं चांगलं हाय. या, दावतो."

विहिरीवर चौकटीत बसवलेलं इंजिन पाणी उपसत होतं. समोर उसाला दांडातून पाणी चाललं होतं. मला वाटलं, आता यांना वाईट वाटणार. ते मात्र इंजिनाजवळ उकिडवे बसले, कान लावून आवाज ऐकला, पट्टा कसा जोडलाय, गरम होऊ नये म्हणून काय केलंय, सगळं विचारून घेतलं. उठताना म्हणाले, "हमारे पास रैती तो कब की भंगार में जाती."

दलालांना शेजारी बसवून दादांचं चालवणं शिकणं सुरू झालं ते ज्वारी काढून मोकळ्या झालेल्या रानात. ते क्लच सोडत आणि गाडी उडी मारून बंद पडे. तिसऱ्या उडीला दादा उतरले. "आपल्याच्यानं व्हायचं न्हाई," म्हणाले.

माय बांधावर बसून सगळं बघत होती. एकदम दलालांना म्हणाली, "भाईसाब, मी बसून बघू का?"

दादांना बोलायला वेळच मिळाला नाही. नऊवारीचा काचा घट्ट करून ती आत बसली. पहिल्याच खेपेला गाडी सरळ रानाच्या टोकाच्या धुऱ्यापर्यंत गेली. भाईसाबांनी ब्रेक दाबायला सांगितलं, तिनं दाबला. खाली उतरून ती गाडीभोवती एक फेरी मारून आली, आत्ता काय झालं ते बघायला.

मग रोज सकाळी रानात तेच. भाईसाब निघाले त्या दिवशी मायनंच त्यांना फाट्यापर्यंत सोडलं. मागं दादा पुढचं सीट दोन्ही हातांनी धरून, शेजारी मी. एसटी आली, ते खिडकीतून हात हलवत परभणीकडं गेले.

"चल, वळव आता," दादा म्हणाले.

माय समोर बघत राहिली. "मागं घेऊन वळवायचं त्येंनी शिकिवलंच न्हाई. रानात आमी गोल फिरून येत होतो."

"मग?"

"मग काय, जागा दिसंल तिथवर जायचं."

तिनं गाडी जिंतूरच्या दिशेला सोडली. बैलगाड्या बाजूला होत होत्या, माणसं थांबून आत वाकून बघत होती, आणि मायच्या कपाळावर घाम असला तरी तोंडावर हसू होतं. बोरी येईस्तोवर तिला पुरेल एवढी जागा कुठं दिसली नाही. तिथं बाजाराचं मैदान त्या दिवशी रिकामं होतं. तिनं एक मोठा गोल फेरा घेतला. रस्त्याला लागायच्या ऐवजी आणखी एक घेतला.

"आता कशाला?" दादा ओरडले.

"बगू द्या की," माय म्हणाली, "अजून बारका फेरा बसतो का ते."