दांडीच्या हळदीत माझं अल्ट-पॉप

अस्मिताने फोनवर फर्मावलं, "माझ्या हळदीत तू तुझं गाणं म्हणायचं," आणि मी हो म्हणून बसले. मग आठवडाभर नीट झोप नाही. आईबाबांनी मला सातवीपर्यंत घरीच शिकवलं, त्यामुळे माझे श्रोते कायम दोन. कॉलेजात अस्मिता भेटली, तिच्या लॅपटॉपवर आम्ही गाणी करू लागलो. तीही दार लावून.

आमची गाणी अल्ट-पॉप. म्हणजे चाल पॉपसारखी पटकन तोंडात बसणारी, पण बाकी सगळं रेडिओच्या साच्याबाहेरचं. आधी परदेशात अशी गाणी छोट्या कंपन्यांच्या कॅसेटींवर आणि कॉलेजांच्या रेडिओवर फिरायची. मग इंटरनेट आलं, पोरंपोरी आपापल्या खोलीतच रेकॉर्डिंग करू लागली. शेजारच्या खोलीतले जागे होऊ नयेत म्हणून असेल, आवाज कुजबुजीवर आला. आता मोठे गायकही तसं गातात. मला हा प्रकार आवडतो, कारण त्यात ओरडावं लागत नाही.

नाशिकहून एसटीने जव्हार, विक्रमगड करत पालघरला पोचले. घाटात वळणं फार, खिडकीची जागा धरा. स्टँडजवळ मिसळ घेतली, भीतीने अर्धी टाकली. तिथून लोकलने बोईसरला उतरल्यावर कारखान्यांचा उग्र वास आला. मी ओढणी नाकाला लावली. शेअर रिक्षातला कामगार हसला, "मॅडम, दो दिन में आदत हो जाएगी." मला सवयीचीच जास्त भीती वाटली. अस्मिताचं गाव दांडी, तिथून पुढे समुद्रकाठी; तिकडची रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाही. हाताशी वेळ आणि सुटे पैसे ठेवा.

दुपारी अंगणात मांडव, स्पीकर, बेंजो पार्टी, सगळं तयार. बेंजो मास्तर म्हणाले, "ताई, तुमी फक्त सुरू करा, आमी ठोक्यात बसवतो. मुडदा पण नाचेल!"

मी गाण्याच्या ओळी मनात घोकू लागले.

पण बेंजो वाजलाच नाही. पाहुण्यांना ताजी मासळी हवी म्हणून अस्मिताचा भाऊ दर्शन पहाटे आणखी तिघांसोबत बोट घेऊन गेला होता. सकाळीच परतायचा, तो अजून आला नव्हता. फोन लागत नव्हता. दोन बोटी शोधायला गेल्या. अस्मिताच्या आत्याने मास्तरांना हात करून थांबवलं.

"बेंजो नको. बोटीची मशीन ऐकू यायची नाय."

इथे घरची बोट आधी कानांनी ओळखतात, मग डोळ्यांनी. हळद लावायला घेतली होती, ती अर्धी सोडता येत नव्हती. बायका मुकाट्याने अस्मिताच्या हातांना हळद लावत होत्या. तिची नजर समुद्राकडे.

"बिन गाण्याची हळद बरी नाय," आत्या मला म्हणाली. "तुजं गाणं हळू असतं ना? म्हण."

"आत्ता? बरं दिसेल का?"

"दिसायचं सोड. म्हण. पन लाटेच्या वर जाऊ नको."

मी सुरू केलं. तेवढ्यात कुणाचा तरी मुलगा खोकला तर त्याच्या आईने त्याचं तोंड दाबलं. दुसऱ्या कडव्याला आत्याने बोट वर केलं. मी थांबले. खूप लांबून मशीनचा आवाज येत होता.

"आपली नाय," आत्या म्हणाली.

अस्मिताने डोळे मिटले. आत्या अजून ऐकतच होती.

"पन भार हाय हिच्यावर. वडून आणतेय कुनाला तरी."

सगळे किनाऱ्याकडे धावले. मी हळदीच्या ताटाजवळ एकटी राहिले, जावं की थांबावं ते कळेना. शेवटी तिकडून शिव्या ऐकू आल्या, मोठ्याने, लाडाच्या. दर्शनच्या बोटीची मशीन बंद पडली होती. शोधायला गेलेल्यांपैकी एका बोटीने ती दोरी बांधून ओढत आणली. चौघेही धड होते. मग बेंजो असा सुटला की मांडव हलला. माझं गाणं अर्धं राहिल्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

नाशिकला परतल्यावर तेच गाणं रेकॉर्ड करायला बसले. दार लावलं, पंखा बंद केला. सूर लागला, कुजबुजही जमली. ऐकून पाहिलं आणि पुसून टाकलं. असं पाच-सहा वेळा. आजवर मी हळू गायचे ते कुणी ऐकू नये म्हणून. दांडीला हळू गायले ते दुसरं काहीतरी ऐकू यावं म्हणून. हा फरक माइकला कसा सांगायचा, मला अजून कळलेलं नाही. सध्या दार उघडं ठेवून गाते.