पिवळ्या तारा

अमरावतीच्या आमच्या हौशी ऑर्केस्ट्रात काका बेस गिटार वाजवतात. दिवसा बँकेत असतात. प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी विचारतंच, "काका, दोन तारा तुटल्या काय?" ते शांतपणे सांगतात, "नाही भाऊ, याले चारच असतात." त्या चारही तारा त्यांनी वर्षानुवर्षं बदललेल्या नाहीत. जुन्या तारेचा आवाज गोल येतो, असं त्यांचं मत आहे.

गेल्या हिवाळ्यात कीबोर्डवाला डाव्या हाताने बेसही वाजवू लागला. "काका, तुमी आता आराम करा," तो म्हणाला. ते हसले, पण त्या दिवशी ॲम्प गाडीत चढवताना त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

मग अंजनगावला त्यांच्या मुलीची हळद झाली. मांडवात आम्हीच वाजवत होतो. बेस कीबोर्डवर होता आणि काकांची गिटार स्टेजच्या कोपऱ्यात उभी होती. दोन गाणी झाली तरी नाचायला कुणी उठेना. काका मुलीला हळद लावून बाजूला झाले, तशी ती पाटावरूनच ओरडली, "बाबा, गाण्याचं पोट रिकामं लागून राहिलं. वाजवा ना!"

त्यांनी हात न धुताच गिटार गळ्यात घातली. दुसऱ्या ओळीला बायका उठल्या, मागोमाग व्याहीही. कीबोर्डवाल्याने डावा हात उचलून मांडीवर ठेवला.

पुढच्या तालमीला तारा पिवळ्याच होत्या.

"काका, नव्या तारा आणू काय?" कीबोर्डवाल्यानेच विचारलं.

"कशाले? आता तर जमल्या," ते म्हणाले आणि सूर लावू लागले.