आपल्या सवडीने, शक्य झाल्यास

कॉलेजात बरीच वर्षं इंग्रजी शिकवून झाल्यावर मी एका कारखान्यात इंजिनिअरांना बोलायला शिकवण्याचं काम धरलं. कारखाना धायरीच्या बाजूला होता. माल पॅक करणारी यंत्रं तिथे तयार व्हायची आणि परदेशात जायची. वरच्या मंडळींचं म्हणणं असं की आपली मुलं हुशार आहेत, पण परदेशी माणसासमोर एक तर तोंड उघडत नाहीत, नाही तर एकदम अंगावर जातात. मी सदाशिव पेठेत वाढलेली. दुसऱ्याच्या बोलण्यातल्या चुका काढायला आमच्याकडे वेगळं शिकावं लागत नाही. हे काम आपल्यासाठीच आहे असं मला वाटलं.

वर्ग मंगळवारी, जेवणानंतर, कँटीनवरच्या खोलीत भरायचा. डझनभर इंजिनिअर, पोट भरलेले, डोळे जड झालेले. मी त्यांना सांगायची की थेट 'नाही' म्हणू नका, 'चूक' हा शब्द टाळा, समोरच्याला आपल्या मतावर यायला वाव द्या. परदेशी लोकांशी असंच बोलायचं असतं. हे सगळं मी दोन-तीन विलायती पुस्तकांतून घेतलं होतं. स्वतः मी पुण्याबाहेर एक दिवसही नोकरी केलेली नव्हती. परदेश म्हणजे एकच देश आहे अशा थाटात मी दोन वर्षं शिकवत होते आणि कुणी मला हटकलं नाही.

त्या वर्गात हडपसरजवळच्या मांजरी गावचा एक इंजिनिअर होता. घरी उसाची शेती, वडील गावातले मानाचे शेतकरी, घराण्यातला हा पहिलाच इंजिनिअर. तिशीचा असेल. कामात तो सगळ्यांत पक्का आहे असं त्याचे सोबतीच सांगत. पहिल्याच दिवशी मी प्रश्न घातला, "समजा, गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगमधला एखादा भाग टिकणार नाही, असं तुमच्या लक्षात आलं. कसं सांगाल?"

तो उभा राहिला आणि म्हणाला, "इट विल ब्रेक."

वर्ग हसला.

"अहो, आपण त्यांना कळवतोय की धमकी देतोय?" मी विचारलं.

"पण मॅडम, तुटणार हाय ते. तुटणार हाय याला दुसरं काय म्हणायचं?"

"आधी 'आहे' म्हणायचं," मी म्हणाले.

या वेळी वर्ग जास्त जोरात हसला. तोही हसला, पण कान लाल झाले होते. ते मला दिसलं होतं. मला माझं वाक्य आवडलं होतं, म्हणून मी त्या कानांकडे दुर्लक्ष केलं.

मग मी त्याला तेच वाक्य पुन्हा पुन्हा लिहायला लावलं. पाचव्या खेपेला ते मला हवं तसं झालं. मराठीत सांगायचं तर साधारण असं: 'आपल्या सवडीने, शक्य झाल्यास, या भागाकडे पुन्हा एकदा नजर टाकणे कदाचित उपयुक्त ठरू शकेल.' मी ते फळ्यावर लिहिलं आणि इतरांना उतरवून घ्यायला सांगितलं. त्याने मनापासून शिकायचं ठरवलं होतं. वर्ग संपल्यावर थांबून शंका विचारायचा. आपल्या मेलचे मसुदे मला दाखवायचा आणि मी त्यातलं उरलंसुरलं कडक हाड काढून टाकायची. वर्षअखेरीस मीच त्याच्या नावाची शिफारस केली आणि त्याला नेदरलँड्सच्या एका गिऱ्हाइकाचं काम मिळालं.

त्या कामात गिऱ्हाइकाने मध्येच मोटर बदलली. नवी मोटर जड होती. ज्या ब्रॅकेटवर ती बसणार होती, तो जुन्या मोटरच्या हिशेबाने केलेला होता. याने आकडेमोड केली. यंत्र सुरू झाल्यावर जी थरथर होईल, तिने वेल्डिंग फार काळ धरणार नाही, हे त्याला दिसलं. तो आपल्या मॅनेजरकडे गेला. मॅनेजरला माल वेळेत रवाना करायचा होता. तो म्हणाला, "मेल टाक ना. मॅडमनी शिकवलाय तसा, नीट. उगाच त्यांना घाबरवू नकोस."

त्याने माझं वाक्य टाकलं. 'या भागा'च्या जागी 'ब्रॅकेट' घातलं, एवढाच फरक. तिकडून उत्तर आलं: धन्यवाद, नोंद घेतली. सवड मात्र कुणालाच झाली नाही. यंत्र गेलं, बसवलं, सुरू झालं. काही आठवड्यांनी चालत्या यंत्रावरून मोटर खाली आली. खाली त्यांचा एक फिटर उभा होता. त्याच्या पायाची दोन बोटं गेली.

चौकशीला तिकडून एक बाई आल्या. त्यांच्याकडच्या मुख्य इंजिनिअर, पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले. दोन दिवस त्या कागद बघत होत्या. दुसऱ्या दिवशी जेवताना त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. हातात त्या मेलची प्रत होती.

"हे तुम्ही शिकवता?" त्यांनी विचारलं.

मी जरा अभिमानानेच 'हो' म्हटलं. अजून मला कळलेलं नव्हतं.

"मी हे तीन वेळा वाचलं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, या माणसाला विशेष काही म्हणायचं नाही, नुसता शिष्टाचार पाळतोय. त्याने 'तुटेल' एवढंच लिहिलं असतं, तर मी त्याच दिवशी काम थांबवलं असतं. आमच्याकडे असंच बोलतात. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

आवाज चढलेला नव्हता. वेळ विचारावी तसं विचारलं होतं. मी काहीतरी पुटपुटले, प्रत्येक देशाची पद्धत वेगळी असते वगैरे. त्या म्हणाल्या, "तेच शिकवायला तुम्हाला नेमलंय ना?" आणि ताट उचलून गेल्या.

त्या दुपारी तो माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "मॅडम, मी साहेबांना तोंडी सांगितलं होतं. स्पष्ट सांगितलं होतं. ते आता आठवत नाही म्हणतात. तुम्ही निदान एवढं सांगा की मेल तुमच्या शिकवण्याप्रमाणे लिहिला होता."

"बघते मी," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. मग म्हणाला, "मॅडम, हा कम्युनिकेशनचा दोष आहे, बाकी काही नाही. तुम्ही एक छोटीशी नोट द्या. प्रशिक्षण सगळ्यांना नीट दिलं होतं, या एका माणसाने ते पुरेसं आत्मसात केलं नाही. तुमच्या वर्गावर शंका यायला नको, म्हणून सांगतोय."

मी विचार करायला वेळ घेतला होता असं मी नंतर स्वतःला अनेकदा सांगितलं. खरं म्हणजे मी चहा संपायच्या आत लिहायला घेतलं. अगदी सुबक लिहिलं. 'संबंधितांनी प्रशिक्षणात प्रामाणिक सहभाग घेतला. तथापि प्रत्यक्ष संवादात अपेक्षित स्पष्टता आणण्यात ते काही अंशी कमी पडले असावेत.' खोटं बोलायला सौम्य भाषेइतकी सोयीची दुसरी भाषा नाही, हे मला लिहितानाच जाणवलं. तरी सही केली.

त्याला परदेशी कामावरून काढलं आणि जुनी ड्रॉइंग्ज क्रमाने लावायला बसवलं. चार महिन्यांनी त्याने राजीनामा दिला. जाताना सगळ्या मजल्यांवर जाऊन निरोप घेतला. कँटीनवरच्या खोलीत आला नाही. मॅनेजरला पुढे बढती मिळाली. मी आणखी तीन वर्षं तिथे शिकवलं. डच लोक थेट बोलतात, जर्मन कसे, जपानी कसे, याचे वेगळे धडे मी तयार केले. त्या मोटरचा किस्सा नाव न घेता उदाहरण म्हणून सांगायला लागले. ऐकणारे हळहळायचे. एकानेही विचारलं नाही की मॅडम, त्याला तसं लिहायला कुणी शिकवलं होतं?

काम सोडल्यावर लोणी काळभोरच्या एका कॉलेजने मला व्याख्यानाला बोलावलं. विषय तोच. शाल दिली, नारळ दिला. ओळख करून देणारे प्राध्यापक मला तज्ज्ञ म्हणाले. नंतर चहा घेताना तेच प्राध्यापक सांगत होते की मांजरीचे एक इंजिनिअर इथे रस्त्यालगत वर्कशॉप चालवतात, परदेशात यंत्रं पाठवणाऱ्या एका कंपनीतून बाहेर पडलेले, आमची मुलं त्यांच्याकडे शिकायला जातात. मी पत्ता विचारला.

पत्र्याची शेड होती. रसाच्या गुऱ्हाळांचे रोलर दुरुस्तीला आलेले होते. तो लेथवर होता. मला ओळखून त्याने यंत्र बंद केलं, हात पुसले आणि खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. शाल अजून खांद्यावर होती, ती मी काढून पिशवीत कोंबली.

"त्या वेळची एकंदर परिस्थिती अशी होती की..." मी सुरुवात केली.

तो थांबून ऐकत राहिला. मध्येच तोडलं नाही. माझं वाक्य लांबत गेलं आणि कुठेच पोचेना.

शेवटी मी म्हणाले, "मी खोटं लिहिलं होतं."

"हां," तो म्हणाला. "माहीत हाय मला. ती नोट मला दाखवली होती त्यांनी. दोनदा वाचावी लागली, मग कळलं की माझ्यावरच हाय."

मी तिथेच उभी होते. तो काही विचारेल, निदान रागावेल, अशी वाट बघत. त्याने बाहेर रस्त्याकडे पाहिलं. म्हणाला, "पलीकडच्या बाजूला थांबा मॅडम, हडपसरच्या बसेस तिकडून मिळतात. मला हा रोलर आज द्यायचाय."

आणि त्याने लेथ सुरू केलं.