राणी कांदा लावते का?

कांदे निवडणं, हेच आमचं दोघांचं शेवटचं काम. बराखीत (कांदा साठवायची कुडाची लांबट खोली) मी आणि माझी बायको हौसा समोरासमोर बसलो होतो. सडका कांदा बाहेर, चांगला आत. हौसानं कोपरानं डोळे पुसले आणि मधेच विचारलं, "जत्रंतल्या वगात ती राणी रडती, तिचं लेकरू गेल्यावर. ते पाणी खरं असतं का वो?"

"कांदा लावीत असंल. आपल्याच बराखीतला."

ती हसली. "तुमाला काय म्हाईत! इचारा एकदा."

दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही. दहाव्याला सगळे रडले, माझे डोळे कोरडे. म्हातारा दगड आहे, असं भावकीत बोलणं झालं. असेल. पण बराखीचं दार मी पुन्हा उघडलं नाही. वास सुटला तरी नाही.

दसऱ्याला तमाशाचे फड गावोगाव निघतात. त्याआधी नारायणगावात तालमी चालतात. यंदा एक फड लोकांना पडद्यामागं फिरवून दाखवतोय, असं पारावर कानावर आलं. राणी त्याच फडातली. आमच्या आळे गावाहून आळेफाट्याला आलो, मिसळ खाल्ली, लई तिखट, आणि नाक पुसत एसटीत चढलो.

फडाचा तळ माळावर होता. आम्हा बघ्यांना फिरवायला फडाचा सोंगाड्या, रंगाभाऊ. तोंडाचा पट्टा सुरूच.

"पावणं, पुढून तर समदं जग बघतं. मागून बघायला नशीब लागतं!"

खोटं नव्हतं. पुढून राजवाडा दिसतो, मागून त्याला पोत्याची ठिगळं. रंगमंच म्हणजे खाली लोखंडी घोडे, वर फळ्या, सगळं सुंभानं आवळलेलं. त्यावर रात्रभर नाचायचं आणि उजाडायच्या आत मोडून ट्रकात भरायचं. मी जन्मभर शेती केली, पण एवढं कष्टाचं पीक पाहिलं नाही. गाठी ओढून पाहिल्या. एकही ढिली नाही.

पाय दुखायला लागले म्हणून एका पत्र्याच्या पेटीवर टेकलो.

"आबा, उठा, उठा!" रंगाभाऊ धावला. "घुंगरांची पेटी हाय ती. फडाचा देव. मालक बी बसत न्हाई तिच्यावर!"

मी घाबरून उठलो आणि पेटीला डोकं टेकवलं.

"आता काय उपेग? बसला त्यानं घुंगरं बांधायची. काढा धोतर वर!"

सगळे हसले. शेजारी लुगड्याला काठ शिवत एक बाई बसली होती. "गप रं भाड्या," ती म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला कशापायी छळतो?" तिनं पेटी उघडली, घुंगरांना हात जोडले आणि एक जुडगा माझ्या हातात ठेवला. भरली पाटी घेतल्यासारखा हात खाली गेला. एवढं वजन पायात बांधून बाई हसत कशी नाचते, देव जाणे.

हीच राणी. सुलाबाई. पन्नाशीची असेल.

दुपारी त्यांनी आम्हाला पिठलं-भाकरी वाढली. सुलाबाईनं बुक्कीनं कांदा फोडून माझ्या ताटात टाकला. मी आडवळण न घेता विचारलं, "बाई, रडायला हाच लावता का?"

"कुणी सांगितलं?"

"मीच म्हणलो व्हतो, मंडळीला. तिनं इचारायला सांगितलं व्हतं."

"मग तिला का न्हाई आणलं?"

"ती गेली."

सुलाबाईनं घास खाली ठेवला. "कांदा लावला तर डोळा मिटतो, आबा. बोलायचं ऱ्हातं. न्हाई लावत. लेकरू गेलं की राणी त्येचं दुपटं उचलून घडी घालती. बघितलंय न्हवं? ती घडी घालायला लागली की माझं मलाच येतं. नुसतं उभं ऱ्हाऊन न्हाई येत. हाताला त्येचं काम लागतं."

निघताना रंगाभाऊ म्हणाला, "जत्रंला पुढं बसा, आबा. पेटीवर नगं!"

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. फडवाल्यांना लोक नावं ठेवतात. मी ठेवणार नाही. देवाला इतकं जपणारी माणसं मी देवळात कमी पाहिली.

सकाळी उठून बराखीचं दार उघडलं. भपकारा आला. हौसाचं पोतं होतं तसंच अंथरलेलं, पाटी तिथंच. माझी जागा सोडून तिच्या पोत्यावर बसलो आणि निवडायला घेतलं. सडका बाहेर, चांगला आत. थोड्या वेळानं कांदा दिसेना, तेव्हा कोपरानं डोळे पुसले.

"न्हाई लावत गं," मी म्हणालो. "इचारून आलो."